विस्मरणात गेलेले जुने ॲडव्हेंचर गेम: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

१९९०च्या आसपासचा एखादा ॲडव्हेंचर गेम, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायचा गेम, उतरवून घ्यायचा, सुरू करायचा आणि अर्ध्या तासात बंद करून टाकायचा, असं फार जणांचं होतं. दोष कोड्यांना दिला जातो, पण खरी अडचण वेगळी आहे. हे गेम तेव्हा खोक्यातून यायचे. डिस्कबरोबर त्यात मॅन्युअल असायचं, कधी नकाशा, कधी डायरी, कधी ऐकायची कॅसेट. खेळणारा शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसायचा आणि एकच गेम महिनाभर पुरवून खेळायचा. आज आपल्या हाती येतात त्या फक्त डिस्कवरच्या फायली. गेमचा अर्धा भाग त्या खोक्यातच राहिलेला असतो.

ते खोकं पुन्हा जमवता येतं. मॅन्युअल, वही, योग्य आकाराचा पडदा, योग्य आवाज आणि योग्य वेग एवढ्या गोष्टी जागेवर असल्या, की हे गेम आजही हाताला छान लागतात. त्यासाठी काय करायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे. ‘मंकी आयलंड’ किंवा ‘मिस्ट’ ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून इथे भर मागे पडलेल्या गेमवर आहे.

पहिला गेम कुठला घ्यायचा

सगळा उत्साह टिकणं किंवा मरणं या निवडीवर असतं, म्हणून इथे घाई नको.

निवडण्याआधी एक फरक समजून घ्या. त्या काळात या गेमचे दोन मोठे पंथ होते. लुकासफिल्म गेम्सच्या, म्हणजे पुढच्या लुकासआर्ट्सच्या, १९९० पासूनच्या गेममध्ये सहसा तुम्ही मरत नाही, आणि एखादी वस्तू घ्यायची राहिली म्हणून पुढचा रस्ता कायमचा बंदही होत नाही. सिएरा या दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये दोन्ही होतं. कड्याच्या फार जवळ गेलात तर पडता. पहिल्या अंकात एक वस्तू सुटली तर तिसऱ्या अंकात कळतं, की आता काहीच करता येणार नाही. दोन्ही प्रकारांत उत्तम गेम आहेत, पण खेळण्याची शिस्त वेगळी लागते. सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा.

अगदी पहिला गेम म्हणून ‘लूम’ घ्या. १९९०चा, ब्रायन मोरियार्टी यांचा. तीन-चार तासांत संपतो, यात मरण नाही, वस्तूंची पोतडी नाही, ‘उघड’, ‘ढकल’ अशा क्रियापदांची यादीही नाही. हातात फक्त सूत कातायची एक काठी आहे आणि सगळी कामं तिच्यावर चार-चार सूर वाजवून होतात.

दुसरा ‘बिनिथ अ स्टील स्काय’. रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरचा १९९४चा गेम. पार्श्वभूमीची चित्रकला कॉमिक्सचे प्रसिद्ध चित्रकार डेव्ह गिबन्स यांची. २००३ मध्ये कंपनीने तो मोफत खुला केला, त्यामुळे पैसे न घालता कायदेशीरपणे खेळता येतो. सहा ते आठ तास धरा. काही ठिकाणी जीव जातो, पण ती ठिकाणं मोजकी आहेत.

पुढे जायचं तर ‘फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन’ (१९९५) आणि ‘ल्युअर ऑफ द टेम्प्ट्रेस’ (१९९२) हेही मोफत आहेत. पहिला हलकाफुलका, जंगलातला, विमान कोसळलेल्या वैमानिकाचा. नवख्याला सहज पेलतो. दुसरा जरा हट्टी आहे. त्यातली माणसं तुमची वाट बघत एका जागी उभी राहत नाहीत, आपापल्या कामाने गावभर हिंडत असतात, आणि रॅटपाउच नावाच्या सोबत्याला एकापुढे एक कामं जोडून सांगावी लागतात. १९९२ मध्ये हे फारच पुढचं होतं. आज मात्र पहिलाच गेम म्हणून घेतलात तर माणसं शोधण्यातच संध्याकाळ जाईल. तिसरा किंवा चौथा म्हणून घ्या.

सिएराकडे वळायची तयारी झाली, की ‘कॉन्क्वेस्ट्स ऑफ द लाँगबो’ घ्या. क्रिस्टी मार्क्स यांनी रचलेला रॉबिन हूडचा गेम. कैदेतल्या रिचर्ड राजाच्या सुटकेसाठी खंडणी जमवायची असते. एकाच अडचणीतून मारामारीने, वेशांतराने किंवा युक्तीने सुटता येतं आणि कुठला मार्ग घेतलात याचा हिशेब शेवटी होतो. सिएराच्या मोठ्या मालिकांच्या सावलीत हा राहून गेला. त्याच्याइतका विचारपूर्वक बांधलेला गेम त्या घरातून क्वचितच आला.

आज्ञा टाइप करून खेळायचे गेम आजमावायचे असतील तर ‘द कर्नल्स बिक्वेस्ट’ (१९८९) घ्या. १९२५ सालची एक हवेली, एक रात्र, एकामागून एक खून. यात कोडी सोडवण्यापेक्षा योग्य वेळी योग्य खोलीत असणं महत्त्वाचं. महत्त्वाचा प्रसंग पाहिलात, की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे सरकतं.

‘द लास्ट एक्स्प्रेस’ शेवटी ठेवा. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

प्रत घेताना काय तपासायचं

मोफत खुले झालेले गेम स्कमव्हीएमच्या, म्हणजे जुने गेम आजच्या यंत्रांवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. बाकीचे जीओजी आणि स्टीम या ऑनलाइन दुकानांत. ‘आता कोण विचारतंय’ म्हणून कुठल्यातरी साठ्यावरून उतरवलेल्या प्रतीचे मालकी हक्क बहुधा अजून कुणाकडे तरी असतात. शिवाय अशा प्रती अर्धवट निघतात: मॅन्युअल नाही, एखादी फाइल कमी, कधी मधल्याच प्रसंगात गेम थांबतो.

आवृत्ती बघणं फार गरजेचं आहे. एकाच गेमच्या तीन-चार आवृत्त्या असतात: १६ रंगांची, २५६ रंगांची, फ्लॉपीवरची मूक, सीडीवरची बोलकी. बोलकी म्हणजे चांगली असं डोळे झाकून धरू नका. ‘लूम’च्या बोलक्या सीडी आवृत्तीत आवाज आले, पण संवाद छाटले गेले आणि चेहऱ्यांची काही जवळची चित्रंही गेली. दुकानांत साधारण हीच आवृत्ती मिळते. पहिल्यांदा खेळायला ती पुरेशी आहे, पण जुनी १६ रंगांची हाती आली तर दुसऱ्यांदा ती जरूर खेळा. ‘आय हॅव नो माउथ अँड आय मस्ट स्क्रीम’ (१९९५) या गेमचं उदाहरण याहून गंभीर. त्याच्या जर्मन आणि फ्रेंच आवृत्त्यांतून पाचपैकी एका पात्राचा अख्खा अध्याय काढला होता, त्यामुळे त्या आवृत्त्यांत पूर्ण शेवटापर्यंत पोहोचणं शक्यच नाही. तो इंग्रजी आवृत्तीतच खेळा.

मॅन्युअलची पीडीएफ गेमबरोबर मिळते का बघा, आणि मिळाली तर गेम सुरू करायच्या आधी वाचा. तेव्हाचे निर्माते गोष्टीचा पूर्वार्ध मॅन्युअलमध्ये घालायचे. ‘लूम’च्या खोक्यात तर अर्ध्या तासाचं श्राव्य नाटक असलेली कॅसेट होती. ते न ऐकता खेळलात तर सुरुवातीचा प्रसंग तुटक वाटतो: हे वडीलधारे कोण, या मुलावर इतके का चिडलेत, काही कळत नाही. ध्वनिमुद्रण मिळवून आधी ऐकून घ्या. ‘लाँगबो’मध्ये सरदारांची कुलचिन्हं आणि बोटांच्या खुणांची सांकेतिक लिपी मॅन्युअलमध्येच आहे. त्याशिवाय गेम एका टप्प्यावर थांबतोच.

स्कमव्हीएममध्ये गेम बसवणं

स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्रॅम २००१ मध्ये सुरू झाला. तो जुना संगणक उभा करत नाही. गेम चालवणारं मूळ इंजिनच नव्याने लिहून गेमच्या फायली थेट वाचतो. म्हणूनच वेगाचे आणि आवाजाचे बरेचसे घोळ इथे आपोआप सुटतात. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतो.

१. स्कमव्हीएमची सर्वांत नवी स्थिर आवृत्ती अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि इन्स्टॉल करा.

२. गेमसाठी एक मुख्य फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक गेमचा वेगळा फोल्डर. दोन गेमच्या फायली एकत्र टाकू नका. बऱ्याच गेममध्ये फायलींची नावं सारखी असतात आणि एक दुसऱ्यावर चढते.

३. झिप फाइल आली असेल तर पूर्ण उघडून घ्या. गेम अनेक सीड्यांवर असेल तर सगळ्या सीड्यांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये लागतात. सारख्या नावाच्या फायलींचं काय करायचं हे त्या गेमच्या स्कमव्हीएम पानावर लिहिलेलं असतं.

४. ‘ॲड गेम’ दाबा आणि गेमचा फोल्डर निवडा. ओळखीची फाइल सापडली, की गेमचं नाव, भाषा आणि आवृत्ती समोर येते. ती तुमच्या प्रतीशी जुळते का बघा.

५. लगेच ‘स्टार्ट’ दाबू नका. त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा, आवाज आणि सबटायटल आधी लावून घ्या.

‘गेम सापडला नाही’ असा संदेश आला तर दहापैकी आठ वेळा एक फोल्डर वरचा किंवा खालचा निवडलेला असतो. आतल्या फोल्डरमध्ये जाऊन परत बघा. दुकानातून घेतलेल्या काही गेममध्ये सगळा मजकूर एकाच मोठ्या डिस्क-इमेज फायलीत, म्हणजे अख्ख्या सीडीच्या नकलेत, असतो. ती आर्काइव्ह उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडून आतल्या फायली बाहेर काढाव्या लागतात.

गेम सुरू होतो, पण एखादी ‘डॅट’, ‘टीबीएल’ किंवा ‘सीपीटी’ फाइल नाही अशी तक्रार येते, तेव्हा ती फाइल गेमची नसून स्कमव्हीएमची असते. ‘बिनिथ अ स्टील स्काय’ला ‘स्काय.सीपीटी’ लागते, ‘ल्युअर’ला ‘ल्युअर.डॅट’. दोन्ही स्कमव्हीएमबरोबरच येतात. प्रोग्रॅम नवा आणि ही फाइल जुनी राहिली, तरी हीच तक्रार येते. पूर्ण नवीन इन्स्टॉल केलं की मिटते.

स्वतःच्या जुन्या सीडीवरून गेम घेताना आणखी एक फसवणूक होते. चित्रं दिसतात, पण ना संगीत ना बोलणं. ‘लूम’च्या सीडीवर बोलणं आणि संगीत हे गाण्याच्या सीडीसारखं ऑडिओ ट्रॅक म्हणून नोंदलेलं आहे. फायली कॉपी केल्या तरी ट्रॅक मागेच राहतो. सीडीवरून गाणी काढतात तसा तो वेगळा काढून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवावा लागतो.

फोनवर खेळणार असाल तर अँड्रॉइडवर दोन बोटांनी टॅप म्हणजे उजवं क्लिक, एवढं लक्षात ठेवा. ‘बिनिथ अ स्टील स्काय’मध्ये डाव्या क्लिकने वस्तू पाहता आणि उजव्या क्लिकने वापरता. हे न कळल्याने कित्येक जण पहिल्याच खोलीत नुसते बघत राहतात.

पडदा आणि आवाज

त्या काळचं चित्र ३२० × २०० ठिपक्यांचं असायचं, पण ते ४:३ आकाराच्या मॉनिटरवर पसरायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच दिसायचा आणि चित्रकारांनी चित्रं तशीच काढली होती. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस येतात आणि सगळं चित्र दाबलं जातं. एखाद्या दृश्यात चंद्र शोधा. तो बसक्या भाकरीसारखा दिसत असेल तर आकार चुकलेला आहे.

उपाय: ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘आस्पेक्ट रेशो करेक्शन’ चालू करा. चालू गेममध्ये कंट्रोल + ऑल्ट + ए दाबूनही ते बदलतं. त्याबरोबर ‘स्ट्रेच’ची सेटिंगही बघा; चित्र अख्ख्या रुंद पडद्यावर ताणू नका, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. १०८० ओळींच्या पडद्यावर चित्र १४४० × १०८० इतकं यायला हवं. पडद्याला १२०० ओळी असतील तर ३२०ची पाचपट आणि २००ची सहापट, म्हणजे बरोबर १६०० × १२००. अशा वेळी एकही ठिपका धूसर होत नाही. चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर टाळा. १६ रंगांच्या काळातले चित्रकार दोन रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी मांडून तिसऱ्या रंगाचा भास करायचे. फिल्टर त्यांचा चिखल करतो.

आवाजात निवड तिघांतून असते: ॲडलिब हे साउंड कार्ड, रोलँड कंपनीचं एमटी-३२ हे संगीत-यंत्र (१९८७) आणि जनरल मिडी ही वाद्यांचे क्रमांक ठरवून देणारी पद्धत (१९९१). सिएराने १९८८ पासून साउंड कार्डासाठी संगीत लिहून घ्यायला सुरुवात केली आणि पुढची काही वर्षं ते मुख्यतः एमटी-३२ साठी रचलेलं आहे. गेम सुरू होताना त्या यंत्रात स्वतःची वाद्यं भरायचा. तेच संगीत जनरल मिडीवर सोडलं तर वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत. पावसाच्या आवाजाजागी भलतंच वाद्य वाजतं आणि खेळणाऱ्याला वाटतं संगीतच वाईट आहे. स्कमव्हीएममध्ये एमटी-३२ ची नक्कल आतच आहे, पण तिला मूळ यंत्राच्या दोन रॉम फायली लागतात, एक ६४ केबीची, दुसरी ५१२ केबीची. त्यांचे हक्क रोलँडकडे आहेत. तुमच्याकडे त्या नसतील तर सरळ ॲडलिब निवडा. ते साधं वाजतं, पण चुकीचं वाजत नाही, आणि बहुसंख्य घरांत तेव्हा हेच ऐकू यायचं.

बोलक्या आवृत्तीत ‘टेक्स्ट अँड स्पीच’मध्ये ‘बोथ’ निवडा. जुन्या ध्वनिमुद्रणात शब्द निसटतात आणि इशारा नेमका त्याच वाक्यात असतो.

वही उघडा: ‘लूम’चा पहिला तास

‘लूम’बरोबर ‘बुक ऑफ पॅटर्न्स’ नावाची एक पुस्तिका यायची. तिच्यात एकेका मंत्राचं, म्हणजे ‘ड्राफ्ट’चं, वर्णन आणि खाली सूर पेन्सिलने लिहायला रिकामी जागा होती. गेम वहीसकट विकला जायचा, असंच म्हणा. ती पुस्तिका हाताशी नसेल तर साधी वही घ्या आणि तीन रकाने आखा: काय घडतं, सूर, कुठे ऐकले.

सुरू करताना तीन पर्याय येतात. ‘स्टँडर्ड’ घ्या. ‘प्रॅक्टिस’मध्ये जास्त मदत मिळते, ‘एक्स्पर्ट’मध्ये सूर डोळ्यांना न दिसता फक्त कानांनी ओळखावे लागतात. तो पर्याय संगीताचा कान असणाऱ्यांनी दुसऱ्या खेपेला घ्यावा. मजा वेगळीच आहे.

काठी हाती आली, की तिच्यावर सुरुवातीला तीनच सूर वाजतात: सी, डी आणि ई. जवळच्या अंड्याला हात लावलात तर चार सूर ऐकू येतात, ई-सी-ई-डी. हा ‘उघडण्याचा’ मंत्र. वहीत लिहा. मग अंड्यावर क्लिक करून तेच चार सूर काठीवर वाजवा. आता या गेमची खरी खुबी: तेच सूर उलटे, डी-ई-सी-ई, म्हणजे ‘मिटण्याचा’ मंत्र. रंगवण्याचा मंत्र उलटा केला तर रंग उडतो. प्रत्येक नवा मंत्र मिळाला, की खाली लगेच त्याची उलट बाजूही लिहून ठेवा. पुढची निम्मी कोडी त्या खालच्या ओळीतून सुटतात. पुढून-मागून सारखे वाचले जाणारे मंत्र मात्र उलटत नाहीत. त्यांच्यापुढे खूण करा.

इंटरनेटवरून सुरांची यादी घ्यायच्या फंदात पडू नका. उघडण्याचा मंत्र कायम तोच असतो, पण इतर बहुतेक मंत्रांचे सूर गेम दर वेळी नव्याने ठरवतो. दुसऱ्याची वही तुमच्या गेमला लागू पडत नाही. शिवाय काही सूर एकदाच कानावर पडतात. ते लिहायचे राहिले तर मागच्या सेव्हवर जाणं हाच उपाय.

वहीची ही सवय प्रत्येक गेमला कामाची आहे. इतर गेमसाठी मधल्या पानावर नकाशा काढा: खोली म्हणजे चौकट, दार म्हणजे रेघ, आणि जे दार उघडलं नाही त्या रेघेवर प्रश्नचिन्ह. शेवटच्या पानावर अडलेल्या गोष्टींची यादी: ‘कुलूपबंद कपाट, तळमजला’, ‘पहारेकरी हलत नाही’. दोन-तीन दिवसांनी गेम पुन्हा उघडाल तेव्हा या यादीची किंमत कळेल.

सेव्ह करण्याची शिस्त

कुठल्याही गेममध्ये कंट्रोल + एफ५ ने स्कमव्हीएमचा स्वतःचा मेन्यू उघडतो. बहुतेक गेममध्ये तिथूनच सेव्ह आणि लोड करता येतं.

एकाच जागेवर सेव्ह करत राहू नका. दर वेळी नवा क्रमांक आणि नाव द्या, उदाहरणार्थ ‘०७ जंगलात शिरण्याआधी’. स्कमव्हीएम दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करतो, पण ती एकच जागा असते आणि जुनी नोंद पुसून नवी बसते. रस्ता आधीच बंद झालेला असेल तर ऑटोसेव्हमध्ये तो बंद रस्ताच जपून ठेवलेला असतो.

रस्ता बंद होणं म्हणजे काय, हे ‘किंग्ज क्वेस्ट ५’ (१९९०) वरून चांगलं कळतं. बेकरीबाहेर एक मांजर उंदराच्या मागे धावताना दिसतं. त्या काही क्षणांत मांजराला जुना बूट किंवा काठी फेकून मारली तर उंदीर वाचतो. नाही मारली तरी गेम काही बोलत नाही. तासाभराने तुम्ही तळघरात दोरखंडाने बांधलेले असता, दोर कुरतडायला तोच उंदीर यायचा असतो, आणि तो नसतो. अशा वेळी डोकं खाजवून काही होत नाही, कारण उत्तर तासभर मागे राहिलेलं असतं.

म्हणून सिएराच्या गेममध्ये: नव्या भागात शिरताना सेव्ह, वस्तू वापरून संपण्याआधी सेव्ह, कुणी पळताना किंवा संकटात दिसलं की आधी सेव्ह आणि मग कृती. नदी ओलांडणं, जहाजात चढणं, अंक बदलणं, अशा परत न येता येणाऱ्या जागेआधीचं एक सेव्ह कधीच पुसू नका. खायच्या वस्तू भूक लागली म्हणून लगेच खाऊन टाकू नका. गुणांचा आकडाही उपयोगी पडतो. अंक संपताना मिळू शकणाऱ्या गुणांच्या मानाने तुमचे फारच कमी भरत असतील तर मागे काहीतरी राहिलं आहे.

अडकल्यावर

अडकणार हे नक्की. तेव्हा या क्रमाने जा.

आधी माउस. खोलीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडवा फिरवत खाली या, शेतात नांगर फिरतो तसा. तीन-चार ठिपक्यांची वस्तू पार्श्वभूमीत मिसळलेली असते. ‘स्टील स्काय’च्या पहिल्याच खोलीत जिन्याची एक पायरी निखळते आणि तीच पुढे पहार म्हणून वापरायची असते. नुसतं बघून ती कुणाला सापडत नाही.

मग पोतडीतल्या प्रत्येक वस्तूकडे ‘लुक’ करून पुन्हा बघा. पाकिटात चिठ्ठी असते, कोटाच्या खिशात किल्ली. या गेममध्ये नाव वाचणं आणि वस्तू पाहणं या दोन वेगळ्या कृती आहेत.

मग जुनी ठिकाणं आणि जुनी माणसं. कथेत काहीतरी घडलं, की आधीच्या माणसांकडे नवे विषय येतात. संवादातले सगळे पर्याय संपवा, विनोदी वाटणारेसुद्धा.

टाइप करायच्या गेममध्ये वाक्य लहान ठेवा: क्रियापद आणि वस्तू. एक शब्द चालला नाही तर त्याच अर्थाचा दुसरा वापरा. ‘कर्नल्स बिक्वेस्ट’मध्ये टाइप करायला लागलात, की गेम थांबतो, त्यामुळे घाई नाही. माणसांना एकमेकांबद्दल विचारत राहा. तिथे तेच मुख्य काम आहे.

हे सगळं करूनही अर्धा तास हलला नाहीत, तर गेम बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बसा. त्यानंतरही जमलं नाही, तर संपूर्ण वॉकथ्रू, म्हणजे पायरी-पायरीने दिलेलं उत्तर, उघडू नका. १९८८ पासून चालत आलेली ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टिम’ नावाची सोय वापरा. ती प्रश्नाची यादी दाखवते आणि एकेक इशारा उघडते. पहिला इशारा अगदी पुसट, शेवटचा थेट उत्तर. एक उघडा आणि गेमकडे परत या. वॉकथ्रू वाचताना नजर पुढच्या तीन ओळींवर जातेच, आणि एकदा वाचलेलं कोडं परत कधीच कोडं होत नाही.

स्कमव्हीएममध्ये न चालणारे गेम

त्यांच्यासाठी डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम. दुकानातून घेतलेला गेम सहसा त्यात बसवूनच येतो, तुम्हाला फक्त वेग सांभाळायचा असतो. पात्र धावत सुटलं किंवा संदेश वाचायच्या आत गेला, तर कंट्रोल + एफ११ ने वेग कमी करा; अडखळत असेल तर कंट्रोल + एफ१२ ने वाढवा. वेग सायकल्समध्ये मोजतात: १९८०च्या दशकाअखेरच्या गेमला साधारण ३,००० सायकल्स, १९९२-९३च्या गेमला १०,००० ते १५,००० पासून सुरुवात करून बघा. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल + एफ१० ने सुटतो. कंट्रोल + एफ९ ला मात्र हात लावू नका. ते गेम न विचारता बंद करतं.

‘द लास्ट एक्स्प्रेस’ वेगळ्या हाताने खेळावा लागतो

जॉर्डन मेकनर यांच्या स्मोकिंग कार प्रॉडक्शन्सचा हा १९९७चा गेम. जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्स्प्रेस. खऱ्या माणसांच्या हालचालींवरून रेखाटलेली पात्रं, त्या काळच्या आर्ट नूव्हो चित्रांच्या वळणाने रंगवलेली. तो आला तेव्हा फारसा विकला गेला नाही, पण असा दुसरा गेम आजही दाखवता येत नाही.

वरचे बरेच नियम इथे उलटे होतात. इथे घड्याळ चालतं, तुमच्यासाठी थांबत नाही, आणि खऱ्या वेळेच्या सहापट वेगाने चालतं. तुमचं एक मिनिट म्हणजे गाडीतली सहा मिनिटं. प्रवासी जेवायला जातात, भांडतात, झोपतात, तुम्ही तिथे असा वा नसा. म्हणून प्रत्येक खोली नांगरत बसायची सवय इथे सोडा. जेवणाच्या डब्यात बसा, दारापाशी उभे राहा, नुसतं ऐका. सबटायटल चालू ठेवा. संवाद अनेक भाषांत होतात आणि नायकाला समजणाऱ्या भाषांचीच ओळ खाली उमटते.

सेव्हचं बटण नाही. मुख्य मेन्यूत घड्याळ आहे, त्याचे काटे मागे फिरवायचे. किती मागे जायचं हाच खरा प्रश्न. मेलात तर शेवटच्या दहा मिनिटांपूर्वी जाऊन बहुतेक वेळा काही साधत नाही, कारण चूक त्याआधीच झालेली असते. गाडी मागच्या स्टेशनवर होती तिथपर्यंत जा. मागे गेल्यावर नुसतं पाहून परत पुढे येता येतं, पण तिथून खेळायला लागलात, की पुढचा जुना प्रवास पुसला जातो. दोन वेगळे प्रवास जपायचे असतील तर मेन्यूतल्या अंड्याचा रंग बदलून नवा खेळ सुरू करा.

वहीत इथे नकाशाऐवजी वेळापत्रक ठेवा: वेळ, डबा, कोण कुठे होतं. खासगी डब्यात मैफल रंगते तेव्हा याचा उपयोग होतो. पियानो आणि व्हायोलिन वाजत असतं, बरेच प्रवासी तिथे बसलेले असतात आणि त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. पहिल्या खेपेला पूर्ण मैफल बसून ऐका, संगीत त्या लायकीचं आहे. मग काटे मागे फिरवा आणि वाजवणं चालू असतानाच हळूच उठून बाहेर पडा.